समान दर, अपुरं मोजमाप : रोजगार हमीच्या मस्टरवरची बाई

रोजगार हमीच्या कामावर बाईला आणि पुरुषाला एकच दर, हे महाराष्ट्रात सुरुवातीपासून अभिमानाने सांगितलं गेलं. कागदावर ते खरंही होतं. तरीही आठवड्याच्या शेवटी बाईच्या हातात पडणारी रक्कम अनेकदा कमी का भरायची, याचं उत्तर दरसूचीत शोधून सापडत नाही. ते झालेल्या कामाचं माप जिथे लिहितात त्या मोजमाप पुस्तकात आहे, आणि तिथवर पोचायला थोडं मागे जावं लागतं.

दुष्काळी कामावर बाईला कमी द्यायचं, हा रिवाज जुना. १८७६-७८च्या दुष्काळात ब्रिटिश सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी खाली आणली. पुरुषाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा. बाईला आणि पोरांना त्याहूनही कमी. मुंबई इलाख्यात मजूर कामं सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने हा प्रश्न लावून धरला. त्याच काळात सावित्रीबाई फुले जुन्नर भागात ओतूरला दुष्काळी कामात होत्या. एप्रिल १८७७मधलं त्यांचं जोतीरावांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पुढे १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या आणि ‘आधी काम, मग मदत’ ही चौकट पक्की झाली. १९७२ साली सरकारी यंत्रणेच्या हाताशी असलेली चौकट मुळात हीच.

१९७० ते ७३ अशी लागोपाठ वर्षं पावसाने दगा दिला, त्यातलं १९७२ सर्वांत वाईट. मे १९७३मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग आणि खडी केंद्रं. खडी केंद्रांवर बायकाच जास्त दिसायच्या, कारण काम बसून करायचं आणि पोर शेजारी ठेवता यायचं. पण दगडाची चीप डोळ्यात जाणं नेहमीचंच, आणि मोजणी ब्रासवर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ढीग सैल रचला आहे असं म्हणून पोकळीपोटी वजावट करायची, की आठवड्याची मेहनत तिथेच कमी भरायची.

शिध्याचंही तसंच. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा तयार आहार, मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेली मिलो, म्हणजे लाल ज्वारी. या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, कमी. थापताना भाकरीच्या कडा फाटतात, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे होतात. अशा पिठात आधणाचं पाणी घालून, झाकून, गरम असतानाच मळावं लागतं. दिवसभर माती वाहून आल्यावर हे करायचं कोणी, हे वेगळं सांगायला नको. त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या. शहरातल्या त्या मोर्चांची आठवण राहिली. खडी केंद्रावरच्या बायकांची फारशी कोणी ठेवली नाही.

रोजगार हमीची कल्पना मात्र दुष्काळाच्या आधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग केला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२मध्ये ती राज्याची योजना झाली. पैशासाठी १९७५मध्ये व्यवसाय कर आला : शहरातल्या पगारदारांकडून कर घ्यायचा आणि तेवढीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालायची. १९७७चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. त्यातली एक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते. हमी कुटुंबाला नव्हती, ग्रामीण भागातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला होती, आणि दिवसांची मर्यादाही नव्हती. मागणीनंतर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, तो दिवसाला निदान एक रुपया. नवीन काम काढायला मात्र साधारण ५० मजुरांची मागणी लागायची. त्यामुळे लहान वाडीवरच्या एकट्यादुकट्या बाईची मागणी पडून राहायची.

दर ठरवण्याचं सूत्र असं की सरासरी माणसाने सात तास नीट काम केलं, तर शेतमजुरीच्या किमान वेतनाइतकी कमाई व्हावी. दर घनमीटरवर; मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम, खडक असा चढत जाणारा. दराला स्त्री-पुरुष कळत नाही, आणि योजनेची खरी ताकद हीच. शेतात खुरपणी बायकांची, नांगर पुरुषांचा, म्हणून ‘काम वेगळं, मजुरी वेगळी’ असं सांगायला वाव राहायचा. समान वेतनाचा १९७६चा केंद्रीय कायदा ‘समान किंवा सारख्या स्वरूपाच्या कामा’बद्दल बोलायचा, ही पळवाट त्यालाही पुरती बुजवता आली नाही. घनमीटरने निदान कागदावर ती बुजवली. घराजवळ काम आणि तेही सरकारी, त्यामुळे पुरुष ऊसतोडीला किंवा शहरात गेल्यावर मागे राहिलेल्या, परित्यक्ता, विधवा अशा बायका मोठ्या संख्येने आल्या. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, निम्म्याच्या आसपास नावं बायकांची असायची.

आता खड्ड्यापाशी येऊ. गँगमध्ये पुरुष टिकाव मारतो, बाई घमेलं उचलते. एक घनमीटर न खणलेली माती म्हणजे ढोबळमानाने १६०० किलो. घमेल्यात २० किलो धरले, तरी ८० खेपा. दरसूचीतल्या मूळ दरात सहसा ५० मीटरपर्यंतची वाहतूक, म्हणजे लीड, आणि दीड मीटरपर्यंतची चढण, म्हणजे लिफ्ट, धरलेली असते. ५० मीटर लीडला ८० खेपा म्हणजे डोक्यावर ओझं घेऊन चार किलोमीटर आणि रिकाम्या हाताने परत चार. भराव पुढे सरकत जातो, तलावाची पाळ उंचावते. लीड ५०चं ९० होतं, लिफ्ट दीडची तीन मीटर. या वाढीव अंतराचे आणि उंचीचे पैसे दरसूचीत वेगळे असतात. पण ते मोजमाप पुस्तकात नोंदवले तरच.

नोंद होत नाही, याला कारण आहे. खड्डा शिल्लक राहतो. मध्ये मातीचा खुंट ठेवला की मूळची जमीन कुठे होती ते महिन्यानेही दिसतं. ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल, म्हणजे २.७ घनमीटर, टेप लावली की झालं. खेपांचा मागमूस मात्र उरत नाही. मोजणीला येणाऱ्या माणसाने माती कुठून कुठे गेली, हे त्याच दिवशी पाहून लिहिलं नाही, तर मूळ लीडच लागतं. तोटा गँगमध्ये सगळ्यांत वाटला जातो हे खरं, पण वाढलेला घाम बाईचाच. ‘तुझ्यामुळे काम मागे पडतं’ हे ऐकून घेणारीही तीच. त्यात मुरमाला मऊ मातीचा दर लावला की संपलंच.

दुसरी गफलत जोडीची. नवरा-बायको जोडीने काम करायचे आणि काही ठिकाणी हजेरी नवऱ्याच्या नावावर चढायची. मजुरीचं गणित सोपं आहे : एकूण घनमीटर गुणिले दर, भागिले एकूण हजेरी. बाईची हजेरीच नसेल, तर तिचे पैसे घरात येतात, पण तिच्या नावाने नाही. अपघाताची भरपाई असो की पुढे मिळालेला प्रसूतीचा लाभ, सगळं मस्टरवरच्या नावाला जोडलेलं. म्हणून मस्टर कामावरच हवं, हजेरी काम सुरू होताना भरायला हवी, आणि प्रत्येकीची सही किंवा अंगठा स्वतंत्र हवा.

१९८८मध्ये किमान वेतन दुप्पट झालं आणि योजनेचे दरही वाढले. मात्र याच वाढीनंतर मागेल त्याला काम ही हमी प्रत्यक्षात आखडत गेली, असं अभ्यासकांनी दाखवलं. काम अडवायला नकार द्यावा लागत नाही. मागणीची पावती न देणं पुरतं.

२००५च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने (नंतरची ‘मनरेगा’) महाराष्ट्राचीच कल्पना देशभर नेली. लाभार्थ्यांत किमान एक तृतीयांश बायका, सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं कामावर असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई आणि तिलाही मजुरी, पाच किलोमीटरपलीकडे काम असेल तर दहा टक्के जादा, अशा तरतुदी चांगल्याच होत्या. पण हमी कुटुंबाला झाली, वर्षाला १०० दिवस. प्रौढ व्यक्तीचा हक्क घराच्या जॉब कार्डात गेला आणि ते दिवस कोणी वापरायचे हे घरात ठरू लागलं. महाराष्ट्राने २००६मध्ये आपला कायदा दुरुस्त करून १०० दिवसांपुढची जबाबदारी राज्याकडे ठेवली. त्या पुढच्या दिवसांवर हक्क सांगायला मागणीचा नमुना ४ बाईने स्वतःच्या नावाने भरणं आणि त्याची तारखेसह पावती घेणं गरजेचं होतं. पंधरा दिवसांची मुदत मोजायची ती याच पावतीवरून.