७५० वॅट आणि ८० प्लस गोल्ड: एकमेकांतून वजा न होणारे दोन आकडे

‘७५० वॅटचा पॉवर सप्लाय गोल्ड असला तर पीसीला खरे ६७५ वॅटच मिळतात.’ गेमिंग पीसीचे पार्ट्स ठरवायला बसलं की कोणी ना कोणी हे सांगतंच. (गोल्ड म्हणजे ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा एक टप्पा; कार्यक्षमता ९० टक्के धरून हे उरलेले दहा टक्के कापले जातात.) मग ज्याचं काम ६५० वॅटमध्ये निभावलं असतं तो ८५० चा घेतो, आणि ते वाढीव पैसे ग्राफिक्स कार्डाच्या बजेटमधून जातात. हे विधान थोडंफार चुकलेलं नाही, मुळातच चूक आहे. तरी वर्षानुवर्षं ते जसंच्या तसं पुढे सरकवलं जातंय.

वॅटचं गणित बहुतेकांना येतं, त्यामुळे ते उरकून घेऊ. आरटीएक्स ५०७० या ग्राफिक्स कार्डासाठी २५० वॅट, रायझन ७ ७८००एक्स३डी या प्रोसेसरसाठी १२० (गेम खेळताना तो सहसा याच्या बराच खाली असतो), मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ७५ धरा. बेरीज ४४५. या कार्डासाठी एनव्हिडिया ६५० वॅटचा सप्लाय सुचवते, आणि तो पुरतो.

आता घोळ होतो ती जागा. पॉवर सप्लायला दोन बाजू असतात. एका बाजूने भिंतीतल्या सॉकेटमधून वीज आत येते, दुसऱ्या बाजूने ती पीसीच्या पार्ट्सकडे जाते. लेबलवरचे ७५० वॅट हे पार्ट्सकडे जाणाऱ्या विजेचे असतात. कार्यक्षमतेची टक्केवारी सांगते की तेवढी वीज देण्यासाठी भिंतीतून किती घ्यावी लागली. म्हणजे मधल्या मधे जी वीज उष्णता होऊन जाते, ती भिंतीतून जास्तीची ओढली जाते. पार्ट्सच्या वाट्यातून काहीच कापलं जात नाही. दोन टन क्षमतेचा टेम्पो डिझेल जास्त खातो म्हणून त्यात दीडच टन माल मावतो, असं कोणी म्हणत नाही. इथे मात्र तेच म्हटलं जातं.

आकडे मांडून बघा. ११५ व्होल्टच्या चाचणीत गोल्डला पूर्ण लोडवर ८७ टक्के कार्यक्षमता दाखवावी लागते, त्याच्या खालच्या ब्राँझ टप्प्याला ८२. दोन्ही सप्लाय ७५० वॅटचे आहेत आणि दोघांकडून पूर्ण ७५० घेतले जातायत असं समजू. गोल्ड भिंतीतून साधारण ८६२ वॅट ओढेल आणि ११२ ची उष्णता करेल. ब्राँझ ९१५ च्या आसपास ओढेल आणि १६५ ची उष्णता करेल. पीसीला दोघांकडूनही ७५० च मिळतात. ग्राफिक्स कार्डाला या दोघांतला फरक कळायला मार्गच नाही.

वॅट खरोखर कमी मिळतात ते वेगळ्याच कारणाने, आणि ते लेबलवर छापलेलं असतं. सप्लायच्या अंगावरच्या तक्त्यात +३.३, +५ आणि +१२ व्होल्टचे रकाने असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात, म्हणून तोच रकाना वाचायचा. तिथे ६२.५ अँपिअर असेल तर बाराने गुणल्यावर ७५० येतात. आकडा चोख आहे. पण मोठ्या अक्षरात ६५० वॅट आणि १२ व्होल्टच्या रकान्यात ४५ अँपिअर असेल, तर कामाचे ५४० च. गोल्डचे दहा टक्के कापत बसणाऱ्यांपैकी फार थोडे हा तक्ता वाचतात.

वीजबिलाबद्दलही थोडं. १००० वॅटचा सप्लाय लावला की सतत १००० वॅट जळतात हा त्याच घोळाचा दुसरा अवतार. पार्ट्स जेवढं मागतात तेवढंच दिलं जातं. ७५० वॅटच्या सप्लायवर ३७५ वॅटचा लोड असेल, तर अर्ध्या लोडच्या निकषांप्रमाणे गोल्ड (९० टक्के) ४१७ च्या आसपास ओढतो आणि ब्राँझ (८५ टक्के) ४४१. फरक सुमारे २४ वॅटचा. रोज चार तास खेळलात तर वर्षाला साधारण ३६ युनिट. गोल्ड घेण्याचा हिशेब या ३६ युनिटांवर करा. गोल्डच्या वरचे प्लॅटिनम आणि टायटॅनियम तर दिवसभर चालणाऱ्या मशीनसाठी. संध्याकाळी गेम खेळणाऱ्याने त्यावर पैसे घालवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक समजूत मला याहून जास्त खटकते: गोल्ड म्हणजे दर्जा. ८० प्लस २००४ मध्ये सुरू झालं, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड हे टप्पे २००८ मध्ये आले, आणि सगळा भर कार्यक्षमतेवर राहिला. मोजणी २०, ५० आणि १०० टक्के लोडवर होते, तीही २३ अंश सेल्सिअसला. बंद कॅबिनेटच्या आत गेम चालू असताना तापमान इतकं कमी कुठे असतं? व्होल्टेज किती स्वच्छ आहे, शॉर्ट सर्किट झालं तर सप्लाय वेळेत बंद होतो का, कपॅसिटर किती वर्षं टिकतील, यातलं काहीही हा बिल्ला सांगत नाही.

क्षणिक झटक्यांचंही तसंच. ग्राफिक्स कार्ड काही मायक्रोसेकंदांसाठी आपल्या नेहमीच्या वॅटच्या कितीतरी पट वीज मागू शकतं. पॉवर सप्लायसाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकात म्हणूनच मोठ्या सप्लायसाठी अट आली, की क्षमतेच्या दुप्पट मागणी १०० मायक्रोसेकंद पेलता आली पाहिजे. बेरीज नीट जमूनही गेमच्या ऐन रंगात पीसी फट्कन बंद पडतो, त्यामागे अनेकदा हा झटका असतो. दोष मात्र ‘गोल्डमध्ये वॅट कापले जातात’ यावर जातो, आणि म्हणूनच ती समजूत मरत नाही. स्वतंत्र चाचणीत उतरलेला, एटीएक्स ३.१ चा ब्राँझ आणि कोणीच उघडून न तपासलेला गोल्ड समोर असतील, तर मी दुसरा विचार न करता ब्राँझ घेईन.

मॉड्युलर (केबल काढता-लावता येणारा) की साधा, हा निव्वळ सोयीचा प्रश्न. फक्त एका सप्लायची मॉड्युलर केबल दुसऱ्याला लावू नका. सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रमाणित नसते, आणि चुकीच्या पिनवर चुकीचं व्होल्टेज गेलं की ड्राइव्ह जळतात.

भिंतीच्या बाजूचा आकडा लागतो तो यूपीएस निवडताना, कारण यूपीएस भिंतीची जागा घेतो. वरचा ४४५ वॅटचा पीसी ९० टक्के कार्यक्षमतेच्या सप्लायवर यूपीएसकडून साधारण ४९५ वॅट घेईल, मॉनिटरचे वेगळे. यूपीएसवर ठळकपणे छापलेला आकडा व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) असतो, वॅटचा नाही, आणि १००० व्हीएचे अनेक यूपीएस ६०० वॅटच देतात. तेव्हा मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेले वॅट शोधा आणि हे सगळं त्यात बसतंय का बघा.