प्रोसेसर स्वस्तातला चालेल, पण बोर्ड बघून घ्या
(बेताच्या बजेटमध्ये पीसी जुळवणाऱ्या ग्राहकांसाठी)

दुकानात पहिला प्रश्न बहुधा "आय५ बरा की रायझन ५?" असा येतो. दोन-तीन वर्षांनी मशीन वाढवायचं मनात असेल, तर त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: हा प्रोसेसर ज्या सॉकेटमध्ये बसतो, त्यात पुढे याहून किती दमदार प्रोसेसर बसेल? सॉकेट मदरबोर्डावर पक्कं असतं. ते बदलायचं तर बोर्ड बदलावा लागतो, बऱ्याचदा रॅमही बदलावी लागते, आणि खर्च नव्या पीसीच्या जवळ जाऊन पोचतो.

भाव इथे मुद्दाम छापलेले नाहीत. २०२५च्या अखेरीपासून रॅम इतकी महागली आहे, की मागच्या महिन्याचं कोटेशन आज धरता येत नाही. ताजं कोटेशन घ्या आणि मग हे पत्रक शेजारी ठेवून वाचा.

कुठल्या सॉकेटला पुढे रस्ता आहे

एएम५ हे एएमडीचं सॉकेट सप्टेंबर २०२२मध्ये आलं. त्यात रायझन ७०००, ८००० आणि ९००० या मालिका बसतात, आणि २०२७पर्यंत तरी याच सॉकेटला आधार देऊ असं कंपनीने जाहीर केलं आहे. रॅम फक्त डीडीआर५, म्हणजे डीडीआर४नंतरच्या पिढीची. ज्यांना प्रोसेसर खरंच बदलायचा आहे, त्यांना आम्ही हेच सुचवतो: आज रायझन ५ ७६००, आणि पुढे त्याच बोर्डावर आठ कोरचा किंवा मोठ्या कॅशेचा (आतल्या जलद मेमरीचा) एक्स३डी प्रोसेसर. ७६००मध्ये जुजबी ग्राफिक्स असतं आणि डब्यात कूलर मिळतो, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड नंतर घेतलं तरी चालतं.

ग्राफिक्स कार्ड नंतर टाकायचा बेत असेल, तर याच सॉकेटचा रायझन ५ ८५००जी घेताना जरा थांबा. त्याचं आतलं ग्राफिक्स ७६००पेक्षा बरं आहे, पण कार्डासाठी तो पीसीआयईच्या (कार्डाशी डेटा नेणाऱ्या वाटेच्या) चारच लेन देतो. ८६००जी आठ देतो, ७६०० पूर्ण सोळा. आज कार्डाशिवाय गेम खेळायला घेतलेला ८५००जी उद्या चांगलं कार्ड लावल्यावर त्याला अडवून धरतो.

एलजीए१७०० हे इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचं सॉकेट. पुढची कोअर अल्ट्रा २०० मालिका एलजीए१८५१ या वेगळ्या सॉकेटवर गेली, म्हणजे इथला रस्ता चौदाव्या पिढीशी संपतो. तरीही आय३-१२१०० घेणाऱ्याला तो पुरेसा आहे. आज चार कोर, उद्या आय५-१४४०० किंवा आय७-१२७००, ही उडी मोठी आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ जुना घेणार असाल, तर मात्र जपून. यातले काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे हळूहळू बिघडत होते. इंटेलने २०२४मध्ये बायोसमधून (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमधून) दुरुस्ती दिली, पण आधीच खराब झालेला नग त्याने सुधारत नाही.

एलजीए१७००चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात. डीडीआर४च्या बोर्डावर डीडीआर५ कधीच बसत नाही, खाचेची जागाच वेगळी असते. घरात चांगली डीडीआर४ पडून असेल, तर रॅमच्या आजच्या भावात ती वापरणं शहाणपणाचं.

एएम४ या एएमडीच्या आधीच्या सॉकेटवर नवी पिढी येणार नाही. कोरा पीसी त्यावर फक्त हाती डीडीआर४ असेल तरच घ्या. पण ज्यांच्याकडे आधीच बी४५० बोर्डावर रायझन ३ ३२००जी किंवा रायझन ५ १६०० आहे, त्यांच्याइतका स्वस्त अपग्रेड आज कुणाचाच होत नाही. बायोस अपडेट केला की ५६०० किंवा ५७००एक्स सरळ बसतो. ए३२० बोर्डांनाही २०२२पासून हा आधार मिळू लागला, पण सगळ्या मॉडेलना नाही. ३२००जीवाल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की ५६०० आणि ५७००एक्समध्ये ग्राफिक्स नाही. कार्ड नसेल तर ५६००जी घ्या, नाहीतर स्क्रीन काळीच राहील. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी एफ असेल, तर तिथेही हाच अर्थ.

"आय५" एवढ्यावर जाऊ नका

जाहिरातीत "आय५ पीसी, एसएसडीसह" असं लिहून फार कमी किंमत दिलेली दिसते. पूर्ण मॉडेल नंबर विचारा. आय५-३४७० असं उत्तर आलं, तर ती तिसरी पिढी, म्हणजे २०१२चा प्रोसेसर. एच६१ बोर्ड, डीडीआर३ रॅम, एनव्हीएमई (म्हणजे जास्त वेगाच्या) एसएसडीची सोय नाही, विंडोज ११ला अधिकृत आधार नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. आय३-१२१०० या आय५ला सहज मागे टाकतो. इंटेलच्या या नावांत शेवटचे तीन आकडे झाकले, की उरतो तो पिढीचा आकडा. विंडोज ११साठी तो किमान ८ हवा.

आयटी कंपन्यांमधून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप ऑफिसकामाला उत्तम असतात, पण वाढवायला नाहीत. बोर्ड आणि एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) त्या कंपनीच्याच मापाचे, कनेक्टरही वेगळे. अशा मशीनमधून काढलेले काही रायझन प्रो प्रोसेसर त्या ब्रँडच्या बोर्डाशी कायमचे बांधलेले असतात आणि दुसऱ्या बोर्डावर सुरूच होत नाहीत. सुटा रायझन प्रो घ्यायचा तर चालवून बघूनच घ्या.

खरी बचत किंवा खरा बिघाड बोर्डावर होतो

सॉकेट एकच म्हणजे कुठलाही प्रोसेसर कुठल्याही बोर्डावर नीट चालेल असं नसतं. प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, ज्याला व्हीआरएम म्हणतात, स्वस्त बोर्डावर उघडा असतो, त्यावर हीटसिंक नसतं. एएमडीचा ६५ वॅटचा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत जातो, १०५ वॅटचा १४२पर्यंत. आय५-१२४०० जोरात असताना ११७ वॅट घेतो, आय७-१२७०० तब्बल १८०. एच६१० किंवा ए५२०च्या सगळ्यात खालच्या बोर्डावर असा प्रोसेसर बसवला, तर मशीन चालू होतं, पण रेंडरला लावल्यावर काही मिनिटांत व्हीआरएम तापतो आणि प्रोसेसरचा वेग खाली येतो. एप्रिल-मेमध्ये खोलीच चाळिशीला टेकलेली असते, तेव्हा हे आणखी लवकर होतं. मोठ्या प्रोसेसरचे पैसे दिलेले असतात आणि काम लहानाचं मिळतं.

म्हणून वाढवायचा विचार असेल, तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या आणि ते पैसे बोर्डात घाला: व्हीआरएमवर हीटसिंक, रॅमचे चार स्लॉट, एसएसडीसाठी निदान दोन एम.२ जागा. बी७६० किंवा बी६५०च्या मधल्या बोर्डांत हे मिळतं. एसएमपीएसही आजच ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझचा आणि प्रोसेसरसाठी ८ पिनची वायर असलेला घ्या. कॅबिनेटबरोबर येणारा लोकल एसएमपीएस पुढे कार्ड घातल्यावर बंद पडतो, आणि कधी बोर्डालाही घेऊन जातो.

रॅमबाबत थोडा विरोधाभास आहे. ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच वापरणार असाल, तर ८ जीबीच्या दोन स्टिक लावा. एकाच स्टिकवर ग्राफिक्सचा वेग स्पष्ट घसरतो. कार्ड असेल आणि बोर्डावर दोनच स्लॉट असतील, तर १६ची एक स्टिक घेऊन दुसरी जागा मोकळी ठेवणं बरं. एएम५वर मात्र चार स्टिक भरायचा बेत नको. चारही स्लॉट भरले, की डीडीआर५चा अधिकृत वेग ३६००पर्यंत खाली येतो.

टॅली, एक्सेल, ऑनलाइन वर्ग, बँकेची कामं एवढंच असेल, तर वरचं बरंचसं विसरा. आय३-१२१००, १६ जीबी रॅम आणि एनव्हीएमई एसएसडी घ्या, प्रोसेसर बदलायची वेळ बहुधा येणारच नाही.

बदलायच्या दिवशी

आधी बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्ह-कुलपाची) रिकव्हरी की लिहून ठेवा. विंडोज ११च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ड्राइव्ह बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट झालेला असतो, आणि प्रोसेसर बदलला की त्यातला सुरक्षा-भागही बदलतो. ही रिकव्हरी की हाताशी नसेल, तर डेटा गेला. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मिळते.

मग बायोस. बोर्ड कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट यादी असते. नव्या प्रोसेसरसमोर दिलेला बायोस किंवा त्याहून नवा टाका, आणि तो जुना प्रोसेसर बसलेला असतानाच टाका. आधी प्रोसेसर बदलला आणि स्क्रीन आली नाही, तर जुना परत बसवण्यावाचून इलाज नाही. बोर्डाला फ्लॅशबॅकचं बटण (प्रोसेसरशिवाय बायोस टाकायची सोय) असेल, तर ती गोष्ट वेगळी. हे काम यूपीएसवर करा, आणि शक्यतो गुरुवारी नको, कारण पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुतेक त्याच दिवशी असतात. अपडेट अर्धवट तुटला, तर बोर्ड सुरूच होत नाही.

एएम४च्या कूलरची एक गोष्ट नीट समजून घ्या. इथे पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. कूलर आणि प्रोसेसरच्या मधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळून घट्ट धरते, आणि कूलर सरळ वर ओढला की लॉक असलेल्या सॉकेटमधून प्रोसेसरही उपटून येतो, पिना वाकतात. मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, कूलरचे हुक किंवा स्क्रू सोडवा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत राहा. पकड सुटल्याचं हाताला कळतं. मगच उचला. एएम५ आणि इंटेलमध्ये पिना बोर्डावर असतात, त्यामुळे तिथे सॉकेटमध्ये बोट किंवा कापड अजिबात नको. सॉकेटवरची प्लास्टिकची टोपी जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीला देताना ती लागते. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही.

प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. तो स्वतःच्या वजनाने बसला पाहिजे, दाबायचा नाही. पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी, मधोमध. ५७००एक्सच्या डब्यात कूलर येत नाही, तो खर्च आधीच धरा. एएम५वर पहिल्यांदा चालू करताना रॅमची जुळणी होईपर्यंत काही मिनिटं स्क्रीन काळी राहते. घाबरून बटण दाबू नका. शेवटी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, पुन्हा चालू करा. अपडेटमुळे ती बंद झालेली असते आणि रॅम हळू चालत राहते.

दुकानात येताना

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून एमएसइन्फो३२ (msinfo32) टाइप करा. त्यात प्रोसेसर, बोर्डाचं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दिसते, त्या स्क्रीनचा फोटो काढा. दुसरा फोटो एसएमपीएसवरच्या लेबलचा, तिसरा बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेल्या रिव्हिजन नंबरचा, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनना कधीकधी वेगळा बायोस लागतो. हे तीन फोटो असले, की तुमच्या बोर्डावर काय बसेल आणि जुना प्रोसेसर विकून हातात काय पडेल, ते काउंटरवरच बघून सांगता येतं. नवा प्रोसेसर घेताना डब्यावरचा सीरियल नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे ना, हे आमच्यासमोरच ताडून घ्या. डब्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेमधून सुटा दिलेल्या नगाला ती विक्रेता देईल तेवढीच, आणि ती बिलावर लिहून घ्यावी लागते.