उदास असताना आवडीचं खाल्लं तरच बरं वाटतं?

मन खट्टू झालं की फरसाणाचा डबा काढायचा, त्याशिवाय बरं वाटत नाही, हा समज जुना आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी तो तपासला. निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रफिती दाखवून लोकांना आधी उदास केलं, मग कधी लाडका पदार्थ दिला, कधी दुसरा, कधी काहीच नाही. थोड्या वेळाने मनःस्थिती प्रत्येक वेळी जवळपास सारखीच सुधारली. श्रेय पदार्थाचं नव्हतंच! म्हणून तेवढा वेळ जाऊ द्या. गच्चीवर फेऱ्या मारा, मैत्रिणीला फोन लावा. दुपारचं जेवण मात्र टाळू नका, उपाशी पोटी हात आवरणं खरंच कठीण जातं. खाल्लंच, तर स्वतःला कोसू नका. वारंवार पोट दुखेपर्यंत खाल्लं जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा.