सूर्याचा हिशेब जुळेना

अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात होमस्टेक नावाची सोन्याची खाण होती. तिथे जमिनीखाली जवळजवळ दीड किलोमीटरवर रे डेव्हिस या रसायनशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक अवाढव्य टाकी बसवली आणि तिच्यात ६०० टनांहून अधिक पर्क्लोरोएथिलीन भरलं. ड्रायक्लीनिंगला वापरतात तोच हा द्रव. डेव्हिसना मात्र त्यातून सूर्याचा गाभा पाहायचा होता!

सूर्य पाहायला खाणीत कशाला उतरायचं? कारण वरून सतत बरसणारे वैश्विक किरण खडकात अडतात, न्यूट्रिनो अडत नाहीत. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचं हेलियम होताना हे कण सुटतात. पृथ्वीवर दर चौरस सेंटिमीटरमधून सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो आरपार जातात, आणि कशाला म्हणून धक्का लागत नाही. क्वचित एखादा टाकीतल्या क्लोरीनच्या अणूवर आदळतो आणि त्याचा किरणोत्सारी आर्गॉन होतो. हा आर्गॉनही टिकाऊ नाही, ३५ दिवसांत निम्मा उरतो. म्हणून डेव्हिस अधूनमधून टाकीतून हेलियम वायूचे बुडबुडे सोडत, त्यांच्याबरोबर वर आलेला आर्गॉन अतिथंड कोळशात धरत आणि त्याचे अणू मोजत. शेकडो टन द्रवातून मोजकेच अणू! सुमारे तीस वर्षांत त्यांनी पकडलेल्या न्यूट्रिनोंची बेरीज २,०००च्या आसपास भरते.

पंचाईत अशी झाली, की सूर्यातून किती न्यूट्रिनो येतील याचं गणित मांडणारे शास्त्रज्ञ जॉन बाकॉल यांच्या हिशेबाने याच्या तिप्पट न्यूट्रिनो सापडायला हवे होते. कुणी म्हणालं, प्रयोग चुकला. कुणी म्हणालं, सूर्याचं गणितच कच्चं. डेव्हिसनी टाकीत मुद्दाम आर्गॉन मिसळून तो परत काढून दाखवला, बाकॉलनी आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासली. दोघेही हटेनात. मला या गोष्टीतला हा हट्टच सगळ्यात आवडतो. कुणीही एकाने ‘असेल माझीच चूक’ म्हटलं असतं, तर प्रश्न तिथेच मिटला असता.

न्यूट्रिनोंचे तीन प्रकार आहेत: इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ. सूर्यातून निघतात ते सगळे पहिल्या प्रकारचे, आणि डेव्हिसची टाकी तेवढेच ओळखत होती. जपानमधल्या सुपर-कामिओकांडे प्रयोगाने १९९८ मध्ये दाखवलं, की वातावरणात तयार झालेले म्युऑन न्यूट्रिनो वाटेतच प्रकार बदलतात. मग कॅनडातल्या सडबरी इथे, दोन किलोमीटर खोल, १,००० टन जड पाण्यात (हायड्रोजनच्या जड प्रकाराचं पाणी) सूर्याच्या न्यूट्रिनोंची दोन प्रकारे मोजदाद झाली: एकदा फक्त इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोंची, एकदा तिन्ही प्रकारांची मिळून. पहिला आकडा अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आला. दुसरा बाकॉलच्या गणिताशी जुळला. टाकी बरोबर होती, सूर्यही बरोबर होता; न्यूट्रिनोच वेष पालटून येत होते.

आता हा वेषपालट साधा नाही. न्यूट्रिनोंना वस्तुमान असल्याशिवाय तो होऊच शकत नाही, आणि मूलकणांच्या ‘स्टँडर्ड मॉडेल’ या मान्य सिद्धांतात ते शून्य धरलं होतं. जर्मनीत कार्ल्सरूह इथे ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनमधून न्यूट्रिनोसोबत सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अतिशय बारकाईने मोजून हे वस्तुमान पकडायचा प्रयत्न झाला. ते इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाच्या दहा लाखाव्या हिश्शाहूनही कमी आहे, एवढं त्यातून कळलं. पण नेमका आकडा अजून काट्यावर आलेला नाही, आणि तिघांत सर्वात जड कोण, याचाही निकाल लागायचा आहे.