सुपरवायझरांचे स्वमूल्यमापन : भरलेले कागद मालकांना का दाखवले जात नाहीत

भोसरी, तळवडे आणि चाकण परिसरातील जे लघुउद्योजक आपल्या सुपरवायझरांसाठी आमचा स्वमूल्यमापनाचा उपक्रम घेतात, त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो : फी आम्ही भरतो, माणसे आमची, मग त्यांनी भरलेले कागद आम्हाला का पाहायला मिळू नयेत? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर वेळेवर न समजल्यामुळे चार आठवड्यांचे काम वाया जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे.

आमच्या कागदावर गुणांचा रकाना नाही. ‘मी जबाबदार आहे : पाचपैकी किती?’ असे विचारले की बहुतेक जण चार लिहून मोकळे होतात आणि त्यातून कोणालाच काही कळत नाही. आठवड्यातून एकदा, पाळी सुटण्यापूर्वी (गुरुवारी सुट्टी असलेल्या कारखान्यांत बुधवारी), सुपरवायझरने एवढेच लिहायचे असते की या आठवड्यात कोणते काम अडले, ते अडणार हे मला केव्हा कळले, कळल्यावर मी कोणाला सांगितले आणि माझ्या हातात असूनही मी काय केले नाही. ‘मटेरियल उशिरा आले म्हणून डिस्पॅच चुकला’ ही नोंद खरी असली तरी आमच्या उपयोगाची नाही. ‘मटेरियल आलेले नाही हे मला चार वाजता दिसले, पण मी स्टोअरला सहापर्यंत विचारले नाही आणि प्लॅनिंगला कळवलेच नाही’ ही नोंद मात्र सोन्यासारखी आहे, कारण ते दोन तास त्याचे स्वतःचे होते आणि पुढच्या वेळी ते वाचवणेही त्याच्याच हातात आहे.

अशी नोंद माणूस केव्हा लिहितो? ती आपल्या पगाराच्या आड येणार नाही याची खात्री असेल तेव्हाच. मालकांनी जाता जाता, अगदी सहज म्हणून, ‘दाखव बघू काय लिहिलंस’ असे एकदा म्हटले तरी पुरते. पुढच्या आठवड्यात सगळ्यांचे अक्षर सुधारते आणि नोंदीही गुळगुळीत होतात : ऑपरेटर गैरहजर होता, लाइट गेली, इन्सर्ट (यंत्रावर धातू कापणारे पाते) हलक्या प्रतीचे निघाले. प्रत्येक वाक्याचा कर्ता दुसराच कोणीतरी असतो. यात सुपरवायझरांचा दोष आहे असे आम्ही मानत नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत झालेल्या आणि 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही हाच होता की पगारवाढीची चर्चा आणि सुधारणेची चर्चा एकाच बैठकीत केली की माणूस बचावात जातो, म्हणून या दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

काही ग्राहकांना उलट शंका असते, की कोणी पाहणारच नसेल तर मंडळी स्वतःची भलामण करतील. थोडी करतातच, पण ती लबाडीने नव्हे. रॉस आणि सिकोली या संशोधकांनी 1979 मधील अभ्यासात पती-पत्नींना घरकामातील आपापला वाटा वेगवेगळा विचारला, तेव्हा बहुतेक जोडप्यांच्या उत्तरांची बेरीज प्रत्यक्षात शक्य आहे त्यापेक्षा जास्त भरली. स्वतः केलेले काम चटकन आठवते, दुसऱ्याचे आठवत नाही. म्हणूनच आमचा प्रशिक्षक सुपरवायझरला त्याच्या कागदाबरोबर रिजेक्शन रजिस्टर (नापास मालाची नोंदवही) आणि पाळी-बदलाची वही घेऊन बसवतो. सेटिंग बदलल्यावर पहिला नग तपासल्याची सही तिथे नसेल, तर आम्हाला काही बोलावे लागत नाही.

मालकांच्या हाती काहीच येत नाही असा मात्र याचा अर्थ नाही. चौथ्या आठवड्यानंतर आम्ही नावे वगळून एकत्रित टिपण देतो, ज्यात कामे नेमकी कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या निरोपाअभावी अडतात हे मांडलेले असते. बहुतेकांना पगारवाढ ठरवण्यापेक्षा याचाच अधिक उपयोग होतो. कामगिरीचे वार्षिक मूल्यमापन हवे असल्यास त्याचा तक्ता आम्ही वेगळा, वेगळ्या शुल्कात आणि काही महिन्यांचे अंतर ठेवून करून देतो. मालकांनी स्वतःसाठीही हाच साप्ताहिक कागद भरावा असे आम्ही आवर्जून सुचवतो आणि त्याचे शुल्क आकारत नाही. अर्थात, तोही कोणाला दाखवला जात नाही.

पगारवाढीच्या तोंडावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, तसेच दिवाळीच्या बोनसच्या आधीच्या पंधरवड्यात आम्ही नवा उपक्रम सुरू करत नाही, त्यामुळे नोंदणी त्या हिशेबाने करावी. सुरुवातीला भरलेले कागद मागवले जाणार नाहीत अशा आशयाचे एका ओळीचे पत्र मालकांच्या सहीने घेतले जाते आणि त्याची प्रत सुपरवायझरांना दिसेल अशा जागी, शक्यतो हजेरीच्या मशीनशेजारी, लावली जाते.