अग्नी दिला तर उठणार कसे? दहनाच्या प्रश्नामागची पार्श्वभूमी

काका गेले तेव्हा मुंबईत दहन करायचं ठरलं, आणि आत्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अरे, अग्नी दिला तर शेवटच्या दिवशी तो उठणार कसा?" शेवटच्या दिवशी मेलेले शरीरासह उठतील असा आपल्या ख्रिस्ती लोकांचा विश्वास, म्हणून हा प्रश्न हल्ली बऱ्याच मयतांना ऐकू येतो, आणि "देवाला काय अशक्य आहे" एवढ्या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही.

या उठण्याला म्हणतात पुनरुत्थान, आधी त्या शब्दाचं बघू, निम्मा घोळ तिथेच आहे. पुनर्जन्म म्हणजे जुनं शरीर टाकून नवं घेणं. येशूने मेलेल्या लाजरसला हाक मारली आणि तो कबरेतून बाहेर आला ते पुनरुज्जीवन, तो पुढे परत मेलाच. येशूचं पुनरुत्थान या दोन्हीत बसत नाही, कबर रिकामी आहे, हातावर खिळ्यांचे वण आहेत पण मरणाची आता त्याच्यावर सत्ता नाही. आणि "आत्मा अमर आहे" म्हणजेही पुनरुत्थान नाही, आत्म्याचं अमरत्व ग्रीकांमध्ये कितीतरी जण आधीपासून मानत होते, तरी येशूचा प्रेषित पौल अथेन्समध्ये मेलेल्यांच्या उठण्याबद्दल बोलायला लागला तेव्हा लोक त्याची थट्टा करायला लागले. बायबलमधल्या, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात तो बियाचं उदाहरण देतो, पेरलं जातं एक आणि उगवतं वेगळंच, तरी त्याच बियाचं. तिथे "आध्यात्मिक शरीर" असं आलंय आणि आपण नेमका "आध्यात्मिक" शब्द पकडतो, शरीर सोडून देतो. मूळ ग्रीकमध्ये "प्राणमय" आणि "आध्यात्मिक" दोन्हीच्या जोडीला शरीर हाच शब्द आहे. मयताला आपण सगळे "आत्मा देवाघरी गेला" म्हणून थांबतो ना, ते मला अपुरं वाटतं, कारण आशा आख्ख्या माणसाची आहे.

मग आगीची भीती कुठून आली? इ.स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियाँ शहरात ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं छळ करणाऱ्यांनी जाळून राख ऱ्होन नदीत टाकली, आता हे उठतात कसे बघू म्हणून. मागे राहिलेल्या ख्रिस्ती लोकांना पुरायला काही मिळालं नाही याचं अतोनात दुःख झालं, पण आशा काही त्यांनी सोडली नाही. पुढे पुरणं ही ख्रिस्ती असण्याची खूणच झाली, आठव्या शतकाच्या शेवटी तर आजच्या जर्मनीतल्या सॅक्सन लोकांवर दहन केलं तर मृत्युदंड असा कायदा लादला गेला.

खरा वाद मात्र अलीकडचा. एकोणिसाव्या शतकात युरोपात दहनाचा प्रचार करणाऱ्या संस्था निघाल्या, त्यातल्या काहींचा सूर उघड चर्चविरोधी होता, मेल्यावर काही नाही हे दाखवायलाच जाळा असा. १८८६ मध्ये रोमहून, म्हणजे कॅथलिक चर्चच्या केंद्राकडून, बंदी आली ती त्यामुळे. म्हणजे आगीने देवाचं काही अडतं असं तेव्हाही कुणी म्हटलं नव्हतं, हे लोकांना सांगायलाच हवं होतं आणि ते नीट सांगितलं गेलं नाही. १९१७ च्या कॅथलिक धर्मकायद्यात तर दहनाची इच्छा लिहून ठेवणाऱ्याला ख्रिस्ती अंत्यविधीच नाकारला. मग १९६३ मध्ये बंदी उठली. विश्वास नाकारायला म्हणून करत नसाल तर दहन चालेल, दफन मात्र जास्त पसंत, असं १९८३ च्या कायद्यातही आहे. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. ऑर्थोडॉक्स चर्चेसमध्ये अजूनही बहुतेक ठिकाणी परवानगी नाही.

रोमहून आलेल्या २०१६ च्या सूचनेवरून आपल्याकडे जास्त कुरबुर झाली. अस्थी नदीत सोडायच्या नाहीत, हवेत उधळायच्या नाहीत, घरी कपाटात ठेवायच्या नाहीत, पवित्र जागीच ठेवायच्या. आजूबाजूला सगळे विसर्जन करतात तिथे हे कडक वाटतं खरं, पण मला ते पटतं, कारण माणसाला नाव आणि जागा दोन्ही राहते, सगळ्यांना तिथे जाऊन प्रार्थना करता येते. २०२३ च्या शेवटी थोडी ढील मिळाली, थोड्याशा अस्थी त्या माणसाच्या मनाजवळच्या एखाद्या ठिकाणी ठेवू देता येतील, अटी पाळून.

आणि मुंबईत पुरलं तरी काय होतं? जागाच नाही, काही वर्षांनी कबर उघडून हाडं काढतात आणि भिंतीतल्या निशमध्ये, म्हणजे छोट्या कोनाड्यात, ठेवतात. ३० मार्च २०२० ला कोविडच्या सगळ्या मृतांचं दहनच करा असा आदेश मुंबईत निघाला आणि काही तासांत बदलावा लागला, त्या थोड्या वेळात कितीतरी घरांत आत्याचाच प्रश्न विचारला गेला असणार.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आत्या आली होती. काकांच्या निशसमोर मेणबत्ती लावली, चष्मा विसरली होती म्हणून दगडावरची अक्षरं बोटाने चाचपत मला म्हणाली, वाच. नाव, दोन तारखा आणि खाली "पुनरुत्थानाच्या आशेत". शेवटची ओळ तिने दोनदा वाचायला लावली.