वनस्पतिज आणि प्राणिज प्रथिने : मुंबईच्या आहाराच्या संदर्भात

डाळी, कडधान्ये व तेलबिया यांतून मिळणारी ती वनस्पतिज प्रथिने. अंडी, मासे, मांस व दूध यांतून मिळणारी ती प्राणिज. त्यांची तुलना पोषण आणि पर्यावरण या दोन अंगांनी होते. मुंबईत ती बहुधा ‘व्हेज की नॉनव्हेज’ या वादात अडकते. पर्यावरणाचा हिशेब मांडला की मात्र सीमारेषा वेगळ्याच ठिकाणी पडते.

प्रथिने ज्यांची बनतात अशा, शरीराला लागणाऱ्या २० अमिनो आम्लांपैकी ९ आहारातूनच घ्यावी लागतात. अंडी, दूध, मासे व मांस यांत ही नऊही पुरेशी असतात आणि ही प्रथिने पचायलाही सोपी. या नऊपैकी लायसीन डाळींत भरपूर, मेथिओनीन कमी. तांदूळ, गहू, ज्वारीत याच्या उलट. म्हणून वरणभात, पिठलं-भाकरी, उसळ-पाव या जोड्या पोषणाच्या दृष्टीने भक्कम आहेत. धान्य आणि डाळ एकाच जेवणात हवी असेही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की पुरे.

खरी अडचण प्रमाणाची. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे जवळपास एका अंड्याइतकी. पण तेवढ्या डाळीचे पातळ वरण एकापेक्षा जास्त पानांवर वाढले जाते, आणि आपल्या पानात पुरेशी डाळ आली असे प्रत्येकाला वाटते. त्यापेक्षा मटकीची घट्ट उसळ किंवा वालाचे बिरडे कितीतरी सरस. मोड आणल्याने कडधान्यातील फायटेट (खनिजे शोषू न देणारा घटक) घटते व लोह, जस्त अधिक शोषले जाते. वर लिंबू पिळले तर लोहाला आणखी मदत होते. बी-१२ जीवनसत्त्व मात्र कोणत्याही डाळीत नाही. दूध, अंडीही वर्ज्य असणाऱ्यांनी ते औषधरूपाने घ्यायलाच हवे.

पर्यावरणीय तुलनेसाठी जोसेफ पूर व थॉमस नेमेसेक यांचा २०१८ चा अभ्यास नेहमी आधाराला घेतला जातो. त्यानुसार १०० ग्रॅम प्रथिनांमागे होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन, कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात, असे : मांसासाठी पाळलेल्या गुरांचे मांस सुमारे ५० किलो, मेंढीचे २०, चीज ११, कोंबडी ६, अंडी ४ आणि वाटाणा अर्ध्या किलोहून कमी. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन हा हरितगृह वायू तयार होतो, कोंबडीचे तसे नाही; मोठा फरक तिथेच पडतो. चीज शाकाहारी असूनही कोंबडीच्या वर का, याचे उत्तरही तेच. मुंबईच्या हॉटेलांत शाकाहारी जेवण म्हटले की पनीर ठरलेले असते, आणि किलोभर पनीरला पाचेक लिटर दूध आटते. हे आकडे जागतिक सरासरीचे आहेत; कडबा आणि पेंडीवर पोसलेल्या आपल्याकडच्या म्हशीला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही पनीरला डाळीच्या रांगेत बसवणे चूकच.

डाळींची बाजू इथे निर्विवाद वरचढ आहे. तुरीच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे युरिया कमी लागतो. मराठवाडा-विदर्भात हे पीक बहुतांशी पावसाच्या पाण्यावरच येते. मोझांबिक, म्यानमारहून आयात होणाऱ्या तुरीच्याही एकूण उत्सर्जनात जहाजवाहतुकीचा वाटा लहानच असतो.

मासळीचे गणित जाळ्यावर ठरते. डोल हे पिशवीसारखे जाळे समुद्रात खुंटांना बांधतात आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच त्यात बोंबील आणून सोडतो. डिझेल लागते ते जाण्यायेण्यापुरते. ट्रॉलर बोटीला जाळे ओढत फिरावे लागते, म्हणून इंधन कितीतरी जास्त जळते. वर्सोवा, मढच्या किनाऱ्यावर बांबूंवर टांगून उन्हात वाळवलेल्या बोंबलाला बर्फ किंवा शीतगृह लागत नाही, आणि त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. एवढ्या स्वस्त आणि कसदार मासळीकडे शहरी आहारचर्चेत दुर्लक्ष व्हावे, ही खेदाची गोष्ट आहे. डोलीचाही दोष आहे : तिच्या बारीक आसात (जाळ्याच्या छिद्रांत) पापलेटची पिल्ले सापडतात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीवर बंदी असते ती प्रजननाला वाव मिळावा म्हणून. ट्रॉलरमध्ये येणारी बारीक, कमी भावाची मासळी पुष्कळदा फिशमीलच्या (सुक्या मासळीच्या भुकटीच्या) कारखान्यांत जाते आणि कोंबड्यांच्या व शेततळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात मिसळली जाते, त्यामुळे या दोहोंच्या हिशेबात समुद्रातून उपसलेली मासळीही धरावी लागते.